कमी जणांना, पण अधिक काळ

आयुष्यात कधी ना कधी गंभीर नैराश्य येऊन गेलेल्यांचे प्रमाण अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत १७.९ टक्के, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांत १२.९ टक्के आणि आफ्रिकन अमेरिकनांत १०.४ टक्के. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली २००१ ते २००३ या काळात एक राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यातले हे आकडे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गुलामी सोसली, त्यानंतर रेल्वेचे वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या सोसल्या, आणि जो आजही उत्पन्नात नि आयुर्मानात मागे आहे, त्या समाजात नैराश्य कमी कसे? अभ्यासक याला विरोधाभास म्हणतात आणि वीसेक वर्षे त्याच्याशी झगडत आहेत. नैराश्य आणि वांशिक गट यांचा संबंध मराठी वाचकापुढे मांडणाऱ्या या पुस्तकाचा गाभाही हाच प्रश्न आहे.

पण त्याच पाहणीतले पुढचे आकडे फारसे कोणी उद्धृत करत नाही. ज्यांना कधीतरी नैराश्य झाले होते, त्यांच्यात ते चिवटपणे टिकून राहिल्याचे प्रमाण गोऱ्यांत ३८.६ टक्के, तर दोन्ही कृष्णवर्णीय गटांत ५६ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणूनच फक्त गेल्या बारा महिन्यांचा हिशेब केला, तर तिन्ही गट जवळजवळ एका रांगेत येतात. आपला आजार तीव्र आहे, त्याने रोजचे जगणे अडते, असे सांगणारेही कृष्णवर्णीयांत अधिक होते. उपचारांचे चित्र तर आणखी वाईट. नैराश्याच्या निकषांत बसणाऱ्या आफ्रिकन अमेरिकनांपैकी ४५ टक्क्यांना आणि कॅरिबियन कृष्णवर्णीयांपैकी २४.३ टक्क्यांनाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला होता.

थोडक्यात, आजार कमी जणांना होतो, पण ज्याला होतो त्याला लवकर सोडत नाही. एकाच पाहणीतून पहिला आकडा उचलला तर ‘हा समाज कणखर आहे’ असे म्हणता येते. दुसरा उचलला तर ‘या समाजाला वाऱ्यावर सोडले आहे’ असे म्हणावे लागते. माझ्या मते दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पुढची सगळी प्रकरणे वाचकाने याच नजरेने वाचावीत असे मला वाटते. कोणत्या गटात किती जणांना आजार झाला, एवढ्यावर थांबू नये. तो किती काळ राहिला आणि मदतीला कोण आले, हेही विचारावे.

हा आग्रह धरण्यामागे इतिहास आहे. मनोविकारांची वांशिक मोजदाद करण्याची सुरुवातच मुळात भयंकर झाली. १८४० च्या अमेरिकी जनगणनेत ‘वेडे आणि मतिमंद’ अशी नोंद गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळी घेतली गेली. निष्कर्ष असा निघाला की उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. मेन राज्यात तर म्हणे दर चौदा कृष्णवर्णीयांमागे एक वेडा होता. गुलामीच्या समर्थकांना आयते हत्यार मिळाले. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये ब्रिटिश राजदूताला लिहिलेल्या अधिकृत पत्रात हे आकडे देऊन सांगितले की स्वातंत्र्य या लोकांना मानवत नाही, गुलामीतच ते सुखरूप राहतात.

मॅसॅच्युसेट्समधले एक डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनी हे आकडे गावागणिक तपासले. कित्येक गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नसताना कृष्णवर्णीय वेडे दाखवले होते. वूस्टर गावात नोंदलेले १३३ ‘कृष्णवर्णीय वेडे’ प्रत्यक्षात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले गोरे रुग्ण होते; नोंद चुकीच्या रकान्यात गेली होती. न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांची जाहीर चिरफाड केली. अमेरिकी विद्यापीठांनी प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी ग्लासगोला जाऊन वैद्यकीची पदवी घेतली होती. सरकारने मात्र जनगणना दुरुस्त केली नाही, आणि ते आकडे पुढे अनेक वर्षे खरे म्हणून फिरत राहिले.

विसाव्या शतकात आरोप उलटा झाला. आधुनिक मनोविकारशास्त्राचे एक जनक एमिल क्रेपेलिन १९०४ मध्ये जावा बेटावर गेले आणि तिथल्या लोकांत खरे नैराश्य विरळ आढळते असे सांगत परतले. केनियात नैरोबीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख राहिलेले ब्रिटिश डॉक्टर जे. सी. कॅरोदर्स यांनी १९५३ मध्ये आफ्रिकी मनावर ग्रंथ लिहिला. त्यांचेही म्हणणे तेच होते: आफ्रिकी माणसाला नैराश्य सहसा होत नाही, कारण अपराधभावना वाटण्याइतकी जबाबदारीची जाणीव त्याच्यात नसते. हा ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केला होता. पण वसाहतीच्या मनोरुग्णालयात भरती होणारे कोण, तर पोलिसांनी आणलेले, आरडाओरडा करणारे, दुसऱ्याला त्रास देणारे. झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई तिथे कोण आणणार? जॉन ऑर्ली आणि जॉन विंग यांनी युगांडातल्या दोन खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. १९७९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्या खेड्यांतल्या स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण दक्षिण लंडनच्या स्त्रियांपेक्षा जास्त निघाले.

कोणाला, कुठे, कसे विचारले यावर आकडा केवढा अवलंबून असतो, हे यातून कळते. आजच्या पाहण्या १८४० पेक्षा अर्थातच खूप शिस्तीच्या आहेत. तरी त्यांनाही मर्यादा आहेत. घरोघरी होणाऱ्या पाहणीत तुरुंगातली माणसे येत नाहीत, आणि अमेरिकेत तुरुंगांतल्या कृष्णवर्णीय पुरुषांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठी आहे. निदान करणाऱ्याची नजरही स्वच्छ असतेच असे नाही. अमेरिकी रुग्णालयांत कृष्णवर्णीय रुग्णाला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान गोऱ्या रुग्णापेक्षा अधिक वेळा होते, हे कित्येक अभ्यासांत दिसून आले आहे. तशाच तक्रारी घेऊन आलेल्या गोऱ्या माणसाच्या कागदावर नैराश्य लिहिले जाते. मिशिगनमधल्या आयोनिया मनोरुग्णालयाच्या जुन्या फायली चाळून जोनाथन मेट्झल यांनी २००९ मध्ये लिहिलेले पुस्तक या संदर्भात जरूर वाचावे. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात संतापलेल्या कृष्णवर्णीय तरुणांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का कसा बसत गेला, याचा तो दस्तऐवज आहे.

एक समज मात्र मला इथेच खोडायचा आहे, कारण आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांतही तो पक्का बसला आहे. पाश्चात्त्य माणूस दुःख मनात अनुभवतो आणि पूर्वेकडचा माणूस ते शरीरात अनुभवतो, असे हे मत. त्याला एका गाजलेल्या अभ्यासाचा आधार दिला जातो. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात गेले. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान झालेल्या १०० रुग्णांना त्यांनी तपासले. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर अशा तक्रारी असलेल्या या रुग्णांपैकी ८७ जण अमेरिकी निकषांनुसार गंभीर नैराश्याचे रुग्ण ठरले. सांस्कृतिक क्रांतीच्या होरपळीनंतरचा तो काळ होता. ‘मी खचलो आहे’ असे उघड म्हणणे राजकीयदृष्ट्या धोक्याचे ठरू शकत होते; डोके दुखते असे म्हणणे सुरक्षित होते.

इथपर्यंत सारे ठीक. पण पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या दवाखान्यांत अभ्यास केला. त्यात आपले बंगळुरूही होते. नैराश्य असलेल्या रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्ण डॉक्टरकडे केवळ शारीरिक तक्रार घेऊन आले होते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसले. युरोप-अमेरिकेतली केंद्रेही याला अपवाद नव्हती. आणि मनाबद्दल थेट विचारल्यावर बहुतेक रुग्णांनी मनाचेही सांगितले. अंग मोडून येते, भूक मेली आहे, रात्र-रात्र डोळा लागत नाही, हातापायांत त्राण नाही, हे जगभरचे रुग्ण सांगतात. त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला डॉक्टरला वेळ असतो का, आणि तो विचारणाऱ्यावर रुग्णाचा विश्वास असतो का, इथे गट-गटांतला फरक पडतो.

आणखी एक सावधगिरी. ‘आशियाई’ हा अमेरिकी कागदपत्रांतला गट. त्यांच्यात नैराश्य कमी, असे पाहण्या सांगतात. न्यू जर्सीतला मराठी संगणक अभियंता, नातवंडांसाठी पुण्याहून सहा-सहा महिने जाऊन राहणारे त्याचे आईवडील, व्हिएतनाम युद्धातून होडीने निसटलेले कुटुंब आणि भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक निर्वासित, हे सगळे त्या एका रकान्यात बसतात. या भूतानी निर्वासितांनी नेपाळमधल्या छावण्यांत दोन दशके काढली होती. अमेरिकेत आल्यावर त्यांच्यात आत्महत्या वाढल्याचे लक्षात आले, तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने स्वतंत्र पाहणी केली. २१ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे सापडली. स्वतंत्र पाहणी झाली नसती तर हा आकडा ‘आशियाई’ सरासरीत विरून गेला असता.

स्थलांतराची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागात विल्यम वेगा आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या लोकांची पाहणी केली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. मेक्सिकोहून आलेल्यांपैकी २४.९ टक्के लोकांना आयुष्यात एखादा मनोविकार झाला होता. अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशीयांत मात्र हे प्रमाण ४८.१ टक्के होते, जवळजवळ दुप्पट. शेतमजुरी करणारा, इंग्रजी न येणारा, गरीब बाप तुलनेने शाबूत आणि त्याच देशात शिकलेला मुलगा खचलेला, असे हे चित्र. धडधाकट माणसेच स्थलांतर करतात हे त्याचे एक कारण असावे. पण तेवढ्याने भागत नाही. बाप आपली तुलना मागे सोडलेल्या गावाशी करतो, मुलगा शेजारच्या गोऱ्या वर्गमित्राशी करतो; दोघांच्या अपेक्षा वेगळ्या आणि अपमान झेलण्याची ताकदही वेगळी. प्वेर्तो रिकोच्या लोकांत मात्र हा फरक दिसत नाही, म्हणून ‘लॅटिनो’ म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या सगळ्यांसाठी सरसकट नियमही करता येत नाही.

मग जोखीम नेमकी कशाने वाढते? रक्ताकडे बोट दाखवणाऱ्यांना आधी उत्तर देतो. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांशाहून थोडा जास्त असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. हा वाटा एकाच समाजातल्या दोन माणसांमधल्या फरकाचा आहे. दोन समाजांमधल्या फरकाचे स्पष्टीकरण त्यातून निघत नाही. शिवाय जनुकीय संशोधनातली बहुतांश माणसे युरोपीय वंशाची राहिली आहेत. हान चिनी स्त्रियांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हा ठळक अपवाद.

समाजातली कारणे अधिक स्पष्ट दिसतात. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७८ चे. मनातले बोलायला जवळचे माणूस नसणे, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुले, घराबाहेर काम नसणे आणि अकराव्या वर्षाच्या आत आई गमावणे, या चार गोष्टी असलेली स्त्री संकट आले की लवकर कोसळते, असे त्यांनी दाखवले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला (२००२). जवळपास २३ टक्के स्त्रियांत प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, ही कारणे कॅम्बरवेलच्या बाईलाही समजली असती. पण इथे एक कारण आपले खास होते: मुलगी झाली. मुलगा हवा असलेल्या घरात मुलीला जन्म देणारी आई अधिक धोक्यात होती. संस्कृती आणि नैराश्य यांचा संबंध शोधायचा तो अशा ठिकाणी.

वंशभेदाचा भार मोजायला डेव्हिड विल्यम्स यांनी डेट्रॉइटमधल्या कामातून १९९७ मध्ये एक प्रश्नावली दिली. तिच्यात फटके, जाळपोळ असे काही नाही. लोक तुमच्याशी कमी आदराने वागतात का, दुकानात किंवा हॉटेलात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का, तुम्ही बुद्धीने कमी असल्यासारखे लोक वागतात का, तुम्हाला पाहून घाबरतात का, असे साधे नऊ प्रश्न. असे अनुभव जितके वारंवार, तितकी नैराश्याची लक्षणे अधिक, हे नंतर देशोदेशी दिसले. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने आणखी पुढचे दाखवले. पोलिसांनी एखाद्या निःशस्त्र कृष्णवर्णीयाला ठार केले की पुढचे तीन महिने त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांची मनःस्थिती बिघडते. त्याच राज्यातल्या गोऱ्यांवर तसा परिणाम होत नाही.

या सगळ्याला एक उलटी बाजूही आहे आणि तिने मला सर्वात जास्त विचार करायला लावले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जवळपास २०० आदिवासी समूहांत तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी १९९८ मध्ये मांडला. आत्महत्या म्हणजे नैराश्य नव्हे, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. ‘आदिवासींत आत्महत्या फार’ असे सरकारी सरासरी सांगत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक समूहांत अभ्यासाच्या काळात तरुणांची एकही आत्महत्या झाली नव्हती, आणि काही थोड्या समूहांत प्रमाण प्रचंड होते. ज्यांनी जमिनीचे दावे लढवले होते, स्वतःचा कारभार, शाळा, दवाखाना, पोलीस-अग्निशमन सेवा आणि सांस्कृतिक केंद्र यांचा ताबा स्वतःकडे घेतला होता, तिथे आत्महत्या नव्हत्या. वंश एकच, इतिहासातली जखमही एकच. फरक होता तो आपल्या उद्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, याचा.

मराठी वाचकाला इथे आपल्या गावाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. वंश हा आपल्याकडचा रकाना नव्हे. आपला रकाना जातीचा आहे, जमातीचा आहे, धर्माचा आहे. विल्यम्स यांचे नऊ प्रश्न जसेच्या तसे आपल्या वसतिगृहांत, कार्यालयांत, भाड्याचे घर शोधताना विचारता येतील. ते पुरेसे विचारले गेलेले नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. ज्या राज्यात शेतकरी आत्महत्यांवर विधिमंडळात दरवर्षी चर्चा होते, त्या राज्याचा आकडा त्या पाहणीत नसावा, ही मला गंभीर उणीव वाटते. त्या पाहणीनुसार देशात नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

पोहोचवता येतात, हेही आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणे, बोलून आधार देणे आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवणे, अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत थांबायचे नाही, असे ठरवले की काय होते, ते या आकड्यांत आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचा उपचार देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये त्याचा गुण सिद्ध केला.

वाचकांना शेवटी एकच विनंती. पुस्तकातल्या तक्त्यांत आपला गट कुठे बसतो हे शोधण्याचा मोह होईल. आपल्या गटाचा आकडा कमी दिसला म्हणून घरातल्या माणसाकडे दुर्लक्ष करू नका. सलग दोन आठवडे कोणाचे मन कशातच रमत नसेल, झोप-भूक उडाली असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे येत असेल, तर त्याच्याशी बोला आणि त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र, विनामूल्य आणि मराठीतून उपलब्ध आहे.